मास्तरांची चाळीस पानं

"रविवारपर्यंत याला सम्राट करून टाकतो, बघशील तू!" फुफूचा गोळा शेंगदाण्याच्या कालवणात बुडवत ड्वोमो मास्तरांनी गुरुवारी जाहीर केलं.

कुमासीच्या शाळेत छत्तीस वर्षं इतिहास शिकवून ते निवृत्त झाले आणि नेपोलियनच्या मागे लागले. शिपायाचा सत्ताधीश कसा झाला, हे ते सांगायचे, मुलगी आफ्रियी टाईप करायची. दर गुरुवारी, सलग सहा वर्षं! पुस्तकात ते त्याचं नाव न घेता 'आपले नायक' म्हणत.

"आधी जेवा," आई म्हणाली. "तुमचा नायक काही पळून जात नाही."

शुक्रवारी सकाळी मास्तरच गेले.

अंत्यविधीत वाटायच्या आणि वाचून दाखवायच्या पुस्तिकेसाठी आफ्रियीने वडिलांचं चरित्र लिहिलं. एकच पान, पण शब्द न् शब्द खरा. तिने पेन ड्राइव्ह छापखानेवाल्याकडे दिला. त्यात नेपोलियनही होता, हे ती दुःखात विसरली.

छापखानेवाला मुरलेला! पुस्तिका जितकी जाड, तितका माणूस मोठा, हे कुमासीत कोणाला सांगावं लागत नाही. एवढ्या मोठ्या मास्तरांना एकच पान? शक्यच नाही! त्याने पेन ड्राइव्हमधली ती दुसरी, 'आपल्या नायकांची' चाळीस पानं छापली, वर मास्तरांचा फोटो चिकटवला आणि गठ्ठे थेट मंडपात पाठवले.

मास्तरांचे थोरले भाऊ, कुळप्रमुख न्यार्को काका, माइकपाशी उभे राहिले.

"आपले नायक एका बेटावर जन्मले..."

"बेटावर?" आत्या पुटपुटली. "आमची आई तर बेक्वाईला बाळंत झाली!"

हे वाक्य आफ्रियीनेच टाईप केलं होतं. ती धावली. "काका, थांबा! चुकलंय!"

"गेलेल्या माणसाचं चरित्र अर्ध्यावर सोडत नाहीत, पोरी!" काका गरजले. "...तोफखान्यात अधिकारी झाले. पुढे दोन मुलांच्या विधवेशी लग्न केलं..."

सगळ्या माना आईकडे वळल्या.

"भावजी!" आई ताडकन उठली. "मी विधवा आत्ता झालेय! पहिल्यांदाच!"

काका काही थांबेनात. "...आणि नोव्हेंबरात सैन्य घेऊन सरकार उलथवलं!"

पुढच्या रांगेतल्या पोलीस अधिकाऱ्याने घाईघाईने टोपी चढवली. एका म्हाताऱ्या माजी सैनिकाने शवपेटीला खाडकन सलाम ठोकला. "इतकी वर्षं शेजारी राहिलो, पण मास्तरांनी पत्ता लागू दिला नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला!

आफ्रियीने टाळ्या वाजवणाऱ्या मंडपाकडे पाहिलं. हे असंच संपलं, तर एवढा गाव भलत्याच माणसाला निरोप देऊन घरी जाणार होता. तिने काकांच्या हातातला माइक घेतला. चक्क ओढूनच घेतला.

"माझे बाबा कधी बेटावर गेले नाहीत. त्यांना पाण्याची भीती वाटायची."

कोणीतरी फिसकन हसलं. ती पेटीकडे वळली.

"बाबा, तुमचा तो नेपोलियन मला एक दिवससुद्धा आवडला नाही. दर गुरुवारी मी यायचे, ती तुम्हाला बोलताना ऐकायला."