डाव्या कोपऱ्यात खाली काय दिसते?

शिक्षणक्षेत्रात आलेली कोणतीही नवी गोष्ट प्रथम उद्घाटनासाठी वापरली जाते, नंतर अहवालासाठी, आणि त्यातूनही काही उरलीच तर मुलांसाठी. लिनक्स ही संगणक चालवणारी फुकट प्रणालीसुद्धा शाळेत याच क्रमाने आली. फक्त ती जरा जास्तच उरली.

ती आणली संगणकाच्या बाईंनी. त्यांच्या खोलीत बारा संगणक होते आणि बाराही आजारी. विकतच्या जुन्या प्रणालीचा परवाना कधीच संपलेला, त्यामुळे यंत्र सुरू केलं की पडद्यावर आधी एक लांबलचक इंग्रजी धमकी उमटायची आणि ती वाचून होईपर्यंत तास संपायचा. (ही धमकी सहावीच्या मुलांना तोंडपाठ होती. इंग्रजीच्या सरांनी वक्तृत्व स्पर्धेत ती एका मुलाकडून म्हणवूनही घेतली, उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.) बाईंची स्वतःची लेक त्याच वर्गात होती. "आई, तू शिकवतेस काय गं नक्की?" असं तिने एकदा जेवताना विचारलं.

बाईंनी संस्थेच्या बैठकीत लिनक्सची माहिती दिली. फुकट आहे, जुन्या यंत्रांवर चालते, मराठीत वापरता येते, आवडेल तशी बदलता येते. हे ऐकून खजिनदारांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"फुकट का देतात?" त्यांनी विचारलं.

"जगभरातले लोक मिळून ती तयार करतात आणि सगळ्यांना वापरू देतात."

"आणि त्यांना काय मिळतं?"

"समाधान."

खजिनदारांनी अध्यक्षांकडे पाहिलं. यात काहीतरी गोम आहे, याबद्दल दोघांचं न बोलता एकमत झालं. तरीही ठराव मंजूर झाला, कारण पर्यायी ठरावात खर्च होता.

उद्घाटनाच्या वेळी एक तांत्रिक अडचण आली. प्रणाली डोळ्यांना दिसत नाही, मग फीत बांधायची कशाला? अखेर ज्या पेन ड्राइव्हमधून ती आणली होती त्यालाच फीत बांधली. अध्यक्षांनी ती कापली, पेन ड्राइव्ह टेबलाखाली गेला, आणि पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत बाई टेबलाखाली होत्या. छायाचित्रात त्यांची एक चप्पल आली आहे.

मग अहवाल. शिक्षणखात्याने सर्व शाळांना प्रश्न पाठवला होता: आपल्याकडे लिनक्स आहे काय? 'नाही' म्हणून कोण कशाला नसती आफत ओढवून घेईल? शंभर टक्के शाळांनी 'हो' कळवलं. (आपल्याकडे संगणक आहे काय, असा प्रश्न नसल्यामुळे त्याचं उत्तर कुणी दिलं नाही.) मोफत प्रणालीच्या वाढत्या लोकप्रियतेचा आलेख खात्याच्या भिंतीवर लागला. तो इतका उंच गेला की वरच्या टोकासाठी पंखा सरकवावा लागला.

इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे झालं. घोळ पुढे आहे.

उद्घाटन झालं, अहवाल गेला, आणि बाईंनी खोली उघडून मुलांना आत सोडलं. "काय वाट्टेल ते करा," त्या म्हणाल्या, "बिघडलं तर परत बसवू." शाळेच्या इतिहासात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. मुलांचा आधी विश्वासच बसेना. मग एकाने पडद्यावरची सगळी चित्रं गायब करून दाखवली, दुसरीने ती परत आणली. महिन्याभरात मुलं चित्रं काढू लागली, गोष्टी टंकू लागली. बाईंच्या लेकीने तर पाढे विचारणारा एक कार्यक्रम स्वतः लिहिला. उत्तर चुकलं की तो विचारायचा, "बाईंना सांगू का?" मधल्या सुट्टीत मुलं खोलीबाहेर जाईनात. शिपाईमामांनी तक्रार केली की मैदानावर कुणी भांडायलाच येत नाही, चुकल्याचुकल्यासारखं होतं. बाई मात्र त्या दिवसांत घरी जाताना गुणगुणत असत.

आणि परीक्षा आली.

प्रश्नपत्रिका वरून येत असे. ती पाठ्यपुस्तकावरून काढलेली, आणि पाठ्यपुस्तक विकतच्या प्रणालीवरून लिहिलेलं, तेही तिच्या अशा आवृत्तीवरून जी विकणाऱ्यांनाही आता आठवत नसावी. प्रश्न पहिला: संगणक सुरू होताच पडद्यावर डाव्या कोपऱ्यात खाली काय दिसते?

अपेक्षित उत्तर होतं, 'सुरुवातीचे बटण'. शाळेच्या लिनक्समध्ये तिथे काहीच नव्हतं, बटणांची पट्टी होती ती वर. मुलांनी जे दिसतं ते लिहिलं. बऱ्याच जणांनी 'काही नाही' लिहिलं. सात नंबरच्या यंत्रावर बसणाऱ्याने 'शाईचा डाग' लिहिलं. बाईंच्या लेकीने लिहिलं, 'काही नाही. पट्टी वर आहे, हवी असल्यास खाली आणता येते. कृती मागील पानावर.' तपासनिसांनी तिला शून्य दिलं आणि शेजारी शेरा मारला: विषयांतर टाळावे.

'प्रणाली विकत घेताना कोणती काळजी घ्याल?' या प्रश्नाला अख्ख्या वर्गाने 'विकत घेणार नाही' असं उत्तर दिल्याने त्याचेही गुण गेले. वर्गाचा निकाल पाहून बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. रस्त्यापलीकडच्या शाळेचा निकाल मात्र शंभर टक्के लागला. तिथले संगणक अजून खोक्यातच होते. यंत्र पाहिलेलं नसल्यामुळे तिथल्या मुलांचा अजिबात गोंधळ उडाला नाही.

"अहो, पट्टी खाली आणते ना मी! मिनिटाचं काम आहे," बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या.

"उद्घाटन झालेल्या वस्तूत बदल?" मुख्याध्यापक दचकले. "आणि पुढच्या वर्षी उजवा कोपरा विचारला तर? बाई, उपाय एकच. खोलीला कुलूप लावू आणि पुस्तकातला संगणक फळ्यावर काढून शिकवू. फळा कधी बंद पडत नाही."

"मग मुलं शिकणार काय?"

"अभ्यासक्रम," मुख्याध्यापक म्हणाले.

बाई हटून बसल्या. पालकांना विचारा, त्यांनी मान्य केलं तरच कुलूप लावा, असं त्यांनी ठणकावलं. आपली मुलं काय काय करतात हे पालकांनी पाहिलंय, ते खोली बंद होऊ देणार नाहीत, अशी त्यांची खात्री होती.

पालकसभेत बाईंनी मुलांची चित्रं दाखवली, पाढ्यांचा कार्यक्रम चालवून दाखवला. पालक हरखून गेले. एक शिंपी म्हणाले, "माझ्या पोराने माझ्या गिऱ्हाइकांची मापं संगणकात घातली हो! मला वाटलं नव्हतं त्याला इतकं डोकं आहे." त्यांचे डोळे पाणावले. मग त्यांनी घसा साफ केला. "पण बाई, या डोक्याला टक्के किती मिळाले?"

मुख्याध्यापकांनी लगेच मत घेतलं.

"मुलांना संगणक आला पाहिजे असं ज्यांना वाटतं, त्यांनी टाळ्या वाजवाव्यात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. थांबेनाच.

"मार्क मिळाले पाहिजेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत."

मुख्याध्यापकांनी हात मोजले, मग पालक मोजले. एक हात जास्त भरत होता. त्यांनी पुन्हा मोजले, आणि मग हळूच शेजारी पाहिलं. तो हात बाईंचा होता. लेकीचं शून्य आठवलं आणि तो कधी वर गेला हे त्यांनाही कळलं नव्हतं.

दारातून लेक बघत होती. "आई, तूपण?" ती म्हणाली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सगळ्यांसमोर वर केलेला हात खाली तरी कसा घ्यायचा?

ठराव एकमताने मंजूर झाला. खोलीला कुलूप लागलं. (खात्याच्या आलेखात शाळेचं स्थान कायम आहे, कारण कुलपाआड का होईना, लिनक्स आहेच.) आता बाई रोज खडूने फळ्यावर संगणक काढतात, आणि त्यांची लेक पट्टी घेऊन डाव्या कोपऱ्यातलं बटण वर्गाला दाखवते. वार्षिक परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मिळाले. पेढ्यांऐवजी बाईंनी पेन्सिली वाटल्या, पुढच्या परीक्षेला लागतील म्हणून.

हे वाचून तुम्हाला बाईंवर हसावंसं वाटत असेल तर खुशाल हसा, त्यांची हरकत नाही. फक्त तेवढा तुमचा हात खाली घ्या. मोजणी केव्हाच संपली.