मागची प्लेट मोठी हवी

"आधार नेहमी मागून असतो, आणि मागचा आधार नेहमी मोठा असतो!"

हे वाक्य म्हणताना फ्रेमवाल्यांची छाती अशी फुगायची, की शर्टाच्या बटणांनी एकमेकांचा निरोप घ्यावा. फोटोफ्रेमच्या धंद्यात ते शंभर टक्के खरंही आहे, मंडळी. चित्र लहान, मागचा पुठ्ठा मोठा. पुठ्ठा लहान पडला की चित्राला पोक येतं. या एका तत्त्वावर फ्रेमवाल्यांनी दुकान चालवलं, घर चालवलं, आणि बायकोशी भांडणंही चालवली. तत्त्वाचं काही चुकलं नाही. चूक एवढीच, की एके दिवशी त्यांनी ते दुकानाबाहेर काढलं.

झालं असं, की सासरेबुवांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

आता ऑपरेशन सासऱ्यांचं आणि घाम जावयाला, हे कसं? तर त्याला कारण गाडी. सासरेबुवांची जुनी, निळी गाडी. दिसत होतं तोवर म्हातारबाबा तिला रोज मऊ फडक्यानं असे पुसायचे, की बाळाला न्हाऊ घातल्यावर आईनं काय पुसावं! मग नजर धूसर झाली आणि गाडीची किल्ली जावयाकडे आली. जावयानं गाडीच्या टपावर फ्रेमा बांधल्या, ती चिमण्यांच्या झाडाखाली लावली, पावसात ठेवली, उन्हात विसरली. निळा रंग मेला, आणि गाडी धुणं भिजवलेल्या पाण्यासारखी दिसायला लागली.

आणि रोज सकाळी ओसरीवरच्या खुर्चीतून एकच प्रश्न यायचा.

"जावईबापू, गाडी कशी आहे हो माझी?"

"चकचकीत, बाबा! परवा एक बाई तिच्यात बघून टिकली नीट करून गेली!"

म्हातारबाबा समाधानानं मान डोलवायचे. फ्रेमवाल्यांनाही वाटायचं, दिसत नाही बिचाऱ्यांना, जातं काय आपलं? आता उद्या सकाळी पट्टी सुटणार होती! पट्टी सुटली की म्हातारा आधी गाडी बघणार, आणि मग गाडीवरून नजर उचलून जावयाकडे बघणार. त्या दुसऱ्या नजरेच्या विचारानंच फ्रेमवाल्यांनी पायात चपला सरकवल्या.

त्यांनी ओळखीच्या गॅरेजवाल्याला गाठलं.

"पॉलिशचं मशीन न्या, फोमचं पॅड न्या, पेस्ट न्या," गॅरेजवाला म्हणाला. "फक्त बॅकिंग प्लेट मोडलीय, तेवढी नवी आणा."

"ती कसली?"

"मशीनच्या तोंडाला स्क्रूच्या आट्यांवर बसते ती गोल चकती. तिच्या काटेरी वेल्क्रोवर पॅड चिकटतं. प्लेट फिरते म्हणून पॅड फिरतं. पॅडचं माप बघून घ्या म्हणजे झालं."

"मापाचं मला सांगतोस? अरे, मापातच जन्म गेलाय माझा!"

सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर तीन चकत्या मांडल्या गेल्या. एक बरणीच्या झाकणाएवढी, एक बशीएवढी आणि एक चांगली जेवायच्या ताटलीएवढी.

"पॅड केवढं आहे तुमचं?" दुकानदारानं विचारलं.

"बशीहून बोटभर मोठं."

"मग काय करायचं?" दुकानदारानं प्रश्न गिऱ्हाइकालाच परत दिला. "खरं सांगू का काका, मी मूळचा चपलांचा. हे दुकान नुकतंच घेतलंय. आमच्या धंद्यात आम्ही एकच सांगायचो, चावणारी घेण्यापेक्षा जरा सैल घ्या!"

"आणि आमच्या धंद्यात मागचा पुठ्ठा मोठा!"

"म्हणजे झालंच की मग!"

दोन धंद्यांचं असं एकमत झालेलं पाहून ताटलीएवढी प्लेट आपोआप पिशवीत शिरली. जाताना फ्रेमवाल्यांनी दुकानदाराच्या पाठीवर थापही मारली. खऱ्या नियमाला तिथं वाली कोणीच नव्हता. तो नियम असा, की प्लेट पॅडपेक्षा नेहमी लहान हवी. म्हणजे पॅडची मऊ कड चारी बाजूंनी बाहेर राहते आणि कडक प्लेट रंगाला शिवत नाही. पण हे फ्रेमवाल्यांना सांगणार कोण? आणि सांगितलं असतं तरी ऐकणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बाबांना घेऊन दवाखान्यात गेली. अंगणात उरले फ्रेमवाले, गाडी आणि मशीन. प्लेट आट्यांवर झकास बसली. तिच्यावर पॅड चिकटवलं, ते ताटलीत एकच पुरी वाढल्यासारखं दिसलं, तीही एका बाजूला सरकलेली. "थोडं इकडेतिकडे चालतं!" असं स्वतःला सांगून फ्रेमवाल्यांनी पॅडवर पेस्टचा डोंगर रचला आणि बटण दाबलं.

हाताखाली मशीन नव्हतंच, मंडळी, दावं तोडलेलं वासरू होतं! ते उजवीकडे ओढायचं, डावीकडे ढुसण्या द्यायचं, आणि फ्रेमवाले त्याच्या मागे गाडीभोवती फरफटत. पेस्ट तर अशी उडाली, की भिंतीवर ठिपके, खिडकीवर ठिपके, चष्म्यावर ठिपके! कुंपणावर शेजारणीचं काळं मांजर ऊन खात बसलं होतं, ते उठलं तेव्हा चांदण्यांनी भरलेलं आभाळ झालं होतं.

"अहो फ्रेमवाले!" कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली. "माझ्या मांजराला काय झालं?"

"काही नाही वहिनी! धुतलं की जाईल!"

"तुम्ही धुणार का? मागच्या वेळी मी धुवायला गेले तर माझाच ओरबाडलेला हात धुवावा लागला होता!"

तेवढ्यात पॅड सुटलं. ते जे उडालं, ते थेट छपरावर जाऊन बसलं. फ्रेमवाल्यांनी धापा टाकत मशीन बंद केलं, चष्मा पुसला आणि बॉनेटकडे पाहिलं.

बॉनेटवर वर्तुळं होती! पॅडच्या बाहेर आलेल्या प्लेटच्या त्या काटेरी कडेनं रंगात नांगर धरला होता. मोठी वर्तुळं, त्यांत अडकलेली लहान वर्तुळं, एकमेकांच्या गळ्यात गळे घातलेली वर्तुळं. फ्रेमवाल्यांनी शिडी लावून पॅड काढलं, पुन्हा चिकटवलं आणि एक वर्तुळ घालवायला गेले. ते गेलं नाही. उलट आपले दोन भाऊ घेऊन आलं.

फोन वाजला.

"अहो, पट्टी काढली!" बायकोच्या आवाजात हसू आणि रडू एकत्र होतं. "बाबांना सगळं दिसतंय! त्यांनी नर्सबाईंच्या एप्रनचं तुटलेलं बटण दाखवलं! थांबा, ते बोलतायत."

"जावईबापू!" पलीकडून आवाज आला, वीस वर्षांनी तरुण झालेला. "गाडी उजेडात आणून ठेवा! आलोच!"

फ्रेमवाल्यांनी घरातली सगळ्यात मोठी चादर आणली आणि बॉनेटवर टाकली. पेस्ट पुसण्यापुरताही वेळ नव्हता. रिक्षा दारात थांबलीच.

म्हातारबाबा लेकीचा हात सोडून झपझप आले. वाटेत त्यांनी झाडाचं पान पाहिलं, दाराची कडी पाहिली, स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. सगळ्याचं त्यांना कौतुक! मग ते गाडीशी आले.

"झाकलीत होय?"

"धूळ बसेल, बाबा! उद्या बघू ना निवांत. डॉक्टरांनी डोळ्याला ताण..."

चादर एका झटक्यात खाली! म्हातारबाबांनी बॉनेटकडे पाहिलं, डोळा मिटला, उघडला, पुन्हा पाहिलं. आणि त्यांचा चेहरा असा उतरला, की फ्रेमवाल्यांनी ओरडा ऐकायला मान खाली घातली.

पण ओरडा आलाच नाही. म्हातारबाबा हळूच पायरीवर बसले.

"पोरी," ते लेकीला म्हणाले, "रिक्षा परत बोलाव. ऑपरेशन फसलं."

"काय बोलताय बाबा!"

"डॉक्टर म्हणाले होते ना, गोल गोल दिसायला लागलं तर लगेच या. मला गोल गोल दिसतंय गं. गाडीवर नुसती वर्तुळंच वर्तुळं!"

बायकोनं बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं बापाचा हात धरला आणि ती रडायलाच लागली.

आता बघा, मंडळी! फ्रेमवाल्यांना सुटकेची वाट समोर मोकळी झाली होती. गप्प बसायचं, दोष डोळ्यावर जाऊ द्यायचा, आणि दवाखान्यातून ते येईपर्यंत गाडी पेंटरकडे पोचवायची! त्यांनी तोंड मिटलंही. पण म्हातारबाबा लेकीचीच समजूत घालायला लागले. "रडू नको गं, झाडाचं पान दिसलं, तेवढं पुष्कळ!" फ्रेमवाल्यांना ते बघवेना.

"बाबा, डोळा उत्तम आहे," ते म्हणाले. "ती वर्तुळं खरी आहेत. मी काढलीत."

"तुम्ही?"

"मशीननं. प्लेट मोठी घेतली. आणि गाडी चकचकीत नव्हतीच कधी. मी थापा मारत होतो."

म्हातारबाबा उठून उभे राहिले. बोट बॉनेटवरून फिरवलं. वर्तुळ बोटाला लागलं.

"मग ते भिंतीवरचे पांढरे ठिपके?"

"तेही मीच."

"आणि ते ठिपक्यांचं मांजर?"

"तेही माझंच काम, बाबा."

"वा!" म्हातारबाबा ओरडले. "म्हणजे एवढ्या लांबून मांजरावरचा ठिपका दिसतोय मला! पोरी, रिक्षा नको! डोळा एक नंबर झालाय!" आणि त्यांनी जावयाला अशी मिठी मारली, की दोघांच्या सदऱ्यांना पेस्ट सारखी वाटली गेली.

बायकोनं मात्र आता डोळे पुसून बॉनेट नीट पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आज रात्रीच्या जेवणाचा उल्लेख कुठेही नव्हता.

फ्रेमवाले घाईनं म्हणाले, "बाबा, पुढच्या महिन्यात डाव्या डोळ्याचंही उरकून टाकू! सगळा खर्च माझा!"

म्हातारबाबांनी उजवा डोळा तळव्यानं झाकला. राहिलेल्या धूसर डोळ्यानं गाडीकडे बराच वेळ पाहिलं. मग चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"नको, जावईबापू," ते म्हणाले. "हा असाच राहू दे. गाडी बघायला हाच उपयोगी पडेल."