पाचशे पंचावन्नचा डंपर

अर्ध्या काराकोल शहराला बेरीज मी शिकवली आहे! बत्तीस वर्षं खडू झिजवलेत, चेष्टा नाही! म्हणून नातवाचं नाव कोणी ठेवायचं ते पत्त्यांच्या ‘हजारी’वर ठरवू, असं व्याही म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. स्वतःची बोटं मोजतानाही हा माणूस एखादं विसरतो!

मला माझ्या वडिलांचं नाव हवं होतं, एसेनबेक. सादिर व्याह्यांना हवं होतं ‘त्राक्तर’. होय, शेतातला ट्रॅक्टर! तीस वर्षं त्यांनी तोच चालवला.

“दणकट नाव आहे, सर! कडाक्याच्या थंडीतही पहिल्या झटक्यात चालू!”

तिसरी भिडू माझी बायको बुर्मा. गुण लिहायला नऊ वर्षांची नात चिनारा. तिला मी सगळं नीट समजावलं. एक्का अकरा, दश्शी दहा, राजा चार, राणी तीन, गुलाम दोन, नव्वी शून्य. आधी हजार करेल तो जिंकला. बोली दुसऱ्याची असेल तर आपले गुण पाचाच्या पाढ्यात बसवायचे. दोन असले तर शून्य, तीन असले तर पाच.

“आणि बरोब्बर पाचशे पंचावन्न झाले तर?”

“डंपर! सगळा माल खाली, पुन्हा शून्यापासून.”

काय गोड हसली पोरगी!

माझे पाचशे पन्नास झाले, व्याह्यांचे चारशे तीस. पुढची बोली त्यांची. मला एकच हात मिळाला: एक राणी, दोन नव्व्या. चिनाराने लिहिलं, ५५३. व्याही चहात तळलेल्या कणकेचा बोर्सोक बुडवण्यात दंग होते. पण ते त्रेपन्न माझ्या डोळ्यांत कुसळासारखं खुपायला लागलं!

“चिनारा, काय शिकवलं होतं?”

बुर्मा खोकली.

“आजोबा, असू दे ना.”

“असू दे? अशानेच पिढ्या वाया जातात! तीन असले तर किती?”

बुर्मा पुन्हा खोकली, खटारा मोटारीसारखी.

“अगं, घसा धरलाय का? चहात रास्पबेरीचा मुरंबा घाल!”

तिने मला लाथ मारली.

“पाय आवर! मी शिकवतोय! हं, तीन म्हणजे किती?”

“पाच,” चिनारा रडवेली होऊन म्हणाली.

“शाब्बास! खोड आणि मोठ्याने वाच.”

“पाचशे... पंचावन्न.”

व्याह्यांचा बोर्सोक चहात बुडाला. “डंपर! डंपर!”

“अहो व्याही, मी पोरीला शिकवायला म्हणून—”

“तुमच्याच तोंडून, सर! वहीत आहे!”

“मुरंबा आता तुम्हीच खा,” बुर्मा म्हणाली.

शून्यावरून मी कुठवर चढणार? सहा डावांत व्याह्यांनी हजार गाठले आणि पाळण्यात त्राक्तर विराजमान झाला.

संध्याकाळी चिनारा वही घेऊन माझ्या कानाशी आली. “आजोबा, ते त्रेपन्न मी मुद्दाम लिहिलं होतं.”

मी तिला पैकीच्या पैकी दिले. मला किती मिळाले, ते विचारू नका!