बायनाबाईच्या म्हशीला आलेला फोन

विठ्ठलरावांचा नवा फोन म्हशींच्या हौदात पडला. हौदात पाणी ते किती, तळाला चार बोटं! पण फोनला बुडायला तेवढं पुरलं.

विठ्ठलराव गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. ह्या दुष्काळात टँकरवाला बंकट फाट्यावरून त्यांनाच फोन करायचा. उचलला तर टँकर गावात, नाही उचलला तर सरळ पुढच्या गावाला. म्हणजे सगळ्या गावाचं पाणी त्या काचेच्या तुकड्यावर!

"धोंडीराम, उघड बे हे!" संस्थेत शिरताच ते ओरडले. सेक्रेटरी धोंडीराम रेडिओपासून मोटारीपर्यंत काहीही उघडायचा. त्यानं फोन चारी बाजूंनी फिरवला.

"कुठून उघडू? स्क्रू न्हाई, झाकण न्हाई. बॅटरीसुदिक आत चिकटवलीय."

"मग लोक दुरुस्त कसा करत्यात?"

"करीतच न्हाईत. नवा घेत्यात."

"आरं, दोन म्हैने न्हाई झाले घेऊन!"

"मग पेंडीत खुपसा. ओल वढून घेती."

कोपऱ्यात सरकी पेंडीचं अर्धं पोतं होतं. त्यात फोन खुपसून दोघं चहाला गेले. पोतं संस्थेला दूध घालणाऱ्या बायनाबाईच्या नावाचं होतं, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. ती आली, पोतं डोक्यावर घेतलं, गेली.

तासाभरात ती धापा टाकत परत. "चेरमनसाहेब, माजी म्हस वाजायलीय!"

गोठ्यात घमेल्यातली पेंड वाजत होती आणि वर बंकटचं नाव चमकत होतं. विठ्ठलरावांनी बोट टेकवलं, घासलं, दाबलं. त्यांच्या भेगाळल्या बोटाला फोननं दाद दिली नाही. म्हशीनं एकदाच जीभ फिरवली आणि फोन कापला गेला! पुन्हा वाजला, पुन्हा जीभ. धोंडीरामनं कासरा ओढला, म्हशीनं धोंडीरामला. तिसऱ्यांदा कापला गेला आणि फोन कायमचा गप्प झाला.

"गेला टँकर!" विठ्ठलराव शेणातच बसले. "आता लोक मला गावात ठिवायचे न्हाईत."

एवढ्यात चेअरमनला शोधत टँकरच बायनाबाईच्या दारात येऊन थांबला. बंकटनं खाली उडी टाकली.

"न्हाई उचलला तर मी गुमान पुढं जातो. पन तीनदा कापायचा? म्हनलं, आदी ह्यांचं तोंड बघतो, मग पुढच्या गावाला जातो!"

"आरं, मी न्हाई, म्हशीनं कापला."

"मला येडं करता व्हय?"

भांडण चांगलंच पेटलं. मागं टँकरचा नळ कुणी सोडला, बंकटला पत्ताच नव्हता. निम्मं गाव घागरी घेऊन लोटलं. विठ्ठलराव माफी मागायला हात जोडणार, तोच बायनाबाई त्यांच्या कानाशी आली.

"येवड्यात मिटवू नगा. माज्या दोन घागरी ऱ्हायल्यात."

विठ्ठलरावांनी हात सोडले, बाह्या सरसावल्या आणि गरजले, "व्हय, मीच कापला! काय करशील बे?"