आधी बूड टेका

दामूनानांना उभा माणूस बघवत नसे. कुणाला साप बघवत नाही, कुणाला रक्त बघवत नाही, तसं. रस्त्यात दोघं जण उभ्यानं बोलताना दिसले की नाना जवळचा ओटा टोपीनं झटकून देत आणि म्हणत, "आधी बूड टेका. मंग तोंड उघाडा." धुळ्याच्या आमच्या चाळीत पोस्टमनलासुद्धा बसून पाणी प्यायल्याशिवाय सुटका नव्हती. त्यामुळे पलीकडच्या गल्लीला पत्रं कायम उशिरा मिळत, आणि ती गल्ली सरकारला शिव्या देई.

विठोबाच्या देवळात ते जात नसत. "त्याचे हाल बघवत नाहीत," म्हणत. "एवढे भक्त जमतात, पण एकानं पाट सरकवला नाही." गणपती मात्र त्यांचा लाडका. कसा ऐसपैस बसलाय बघा, असं ते दर चतुर्थीला नव्यानं सांगत.

सत्तर साल उजाडायच्या आसपासची ही गोष्ट. मी एका सरकारी कचेरीत नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो आणि चाळीत नानांच्या शेजारची खोली घेतली होती. नाना आधी कापडाच्या मिलमध्ये मागावर होते. मागावर माणूस उभा असतो, बसला की धागा तुटतो. तरणेपण असं उभ्यानं गेल्यावर नानांच्या पोटऱ्यांवर शिरा सुतळीसारख्या फुगल्या, पाय पाळीला साथ देईनात, आणि मिलनं त्यांना मोकळं केलं. तेव्हापासून ते वेताच्या खुर्च्या विणायला लागले. पोट एकदाचं बसून भरायला लागलं. पूर्ण भरत नसे, पण त्याबद्दल ते बोलत नसत.

धंदा खुर्च्यांचा असल्यामुळे सगळ्या कचेऱ्यांत त्यांना मुक्त प्रवेश होता. आमच्या कचेरीत साहेबांच्या दालनाबाहेर अभ्यागतांसाठी खुर्च्या होत्या. त्यांवर ठेकेदार बसत, व्यापारी बसत, पुढाऱ्यांचे मेहुणे बसत. सातपुड्याच्या पायथ्याकडून जमिनीच्या कामासाठी येणारी माणसं व्हरांड्यात भिंतीशी उकिडवी बसत किंवा उभी राहत. त्यांना खुर्चीवर बसू नका असं कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागत नसे.

एकदा त्या खुर्च्यांचे वेत फाटले म्हणून नानांना काम दिलं. काही दिवसांनी नाना हातगाडीवर नव्या विणलेल्या खुर्च्या घेऊन आले, त्यांनी त्या व्हरांड्यात ओळीनं मांडल्या आणि भिंतीशी टेकलेल्या माणसांना एकेक करून वर बसवलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या आबांना खुर्चीची सवय नव्हती. ते पाय वर घेऊन खुर्चीतच उकिडवे बसले आणि मग इकडेतिकडे असं बघायला लागले, की साहेब कोण असा प्रश्न पडावा.

थोड्या वेळात खरे साहेब आले. त्यांनी मला बोलावून हा काय प्रकार आहे म्हणून विचारलं. मी नानांकडे बघितलं. नाना हात जोडून पुढे झाले.

"साहेब, वेत नवा शे. माणसाच्या वजनाखाली दिवसभर ताणल्याबिगर कळत नाही. उद्या तुमचा एखादा मोठा पाहुणा बसला आणि खाली गेला, तर नाव माझं जाईल. आज यांना बसू द्या. चाचणी होऊ द्या."

साहेबांना पुढच्याच आठवड्यात एक वजनदार पाहुणा यायचा होता. त्यांनी चाचणीला मंजुरी दिली.

त्या दिवशी एक चमत्कार मी डोळ्यांनी पाहिला. रोज ज्यांना आमचे हेडक्लार्क "ए, काय रे" म्हणत, त्यांना खुर्चीत बघून हेडक्लार्कांच्या तोंडून आपोआप "अहो, आपलं काय काम?" असं निघालं. निघाल्यावर ते स्वतःच दचकले, पण निघालेला शब्द परत घेता येईना. संध्याकाळपर्यंत त्या माणसांची कामं झाली. आबा जाताना खुर्ची उचलून बरोबर न्यायला लागले, चाचणी घरी पुरी करतो म्हणाले, तेव्हा मात्र नानांनी ती हळूच काढून घेतली.

पण नानांची खरी लढाई झाली ती आग्रा रोडवर, मोतीलालशेठच्या दुकानात.

मोतीलालशेठ कापडाचे व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते आणि शेठ आमच्यापेक्षा चांगली अहिराणी बोलत. माणूस गोड होता. पूर्वी त्यांच्या दुकानात पांढरी गादी होती. शेठही तिच्यावर, नोकरही तिच्यावर, गिऱ्हाईकही तिच्यावर. मग शेठ एकदा मुंबईला जाऊन आले आणि त्यांनी गादी काढून काचेचं काउंटर बसवलं. गिऱ्हाइकांना गुबगुबीत बाक आले, शेठला फिरती खुर्ची आली, आणि भिकाला काहीच आलं नाही. भिका म्हणजे त्यांचा जुना नोकर. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत तो आता काउंटरमागे उभा राहायला लागला.

नाना टोपीसाठी कापड घ्यायला गेले आणि कापड न घेताच भांडून आले. भिकाला स्टूल द्या, एवढीच मागणी. शेठ हसले. दुकानात नोकर बसलेला दिसला की लक्ष्मी दारातून परत जाते, असं त्यांनी समजावून सांगितलं.

नानांनी शेठच्या डोक्यावरच्या तसबिरीकडे बोट केलं. "शेठ, ती तर स्वतःच बसलीय. कमळावर. मांडी घालून."

दुसऱ्या दिवशी ती तसबीर गेली आणि तिथे उभ्या लक्ष्मीची तसबीर लागली. नाना रस्त्यावरून बघून आले आणि मला म्हणाले, "बघ, तिची पण सोय काढून घेतली."

मग त्यांनी स्वतःच्या हातानं एक स्टूल विणलं, ते डोक्यावर घेऊन आग्रा रोडनं मिरवत नेलं आणि काउंटरमागे ठेवलं. भिका त्यावर बसला नाही. शेठनं ते दुपारी हमालाच्या डोक्यावरून परत पाठवलं. दुकान बंद झाल्यावर भिका चाळीत आला. नाना नेहमीप्रमाणे त्याला बस म्हणाले, पण तो दारातच थांबला.

"नाना, माझ्यासाठी नका भांडू," तो म्हणाला. "तुम्ही भांडून घरी येता. मला उद्या परत तिथंच उभं राहायचं असतं. शेठनं हाकललं तर या वयात मला कोण ठेवणार?"

तो गेल्यावर नाना बराच वेळ ते स्टूल पुढ्यात घेऊन बसले. पुढचे काही दिवस चाळीत कुणीही उभं राहावं आणि कितीही बोलावं, नाना काही म्हणत नव्हते. पोस्टमन घाबरून स्वतःहून येऊन बसला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात आणि लेकी आल्या की लुगडी आलीच. चाळीत गंगूअक्का नावाच्या एक बाई होत्या. तीन लेकी, दोन सुना, आणि आवाज असा की मिलचा भोंगा बिघडला असता तरी पाळी वेळेवर सुटली असती. नाना अक्कांशी काय बोलले ते मला कळलं नाही. पण आखाजीच्या आधी अक्का सगळं लटांबर घेऊन निघाल्या, शेजारणीही निघाल्या, आणि मजा बघायला मिळेल या आशेनं मीही पिशव्या धरायला गेलो.

शेठनं तोंडभरून स्वागत केलं, बसा म्हणाले. अक्कांनी काउंटरमागे उभ्या भिकाकडे पाहिलं आणि सांगितलं, की उभ्या माणसापुढे पसरून बसायची आमच्या घरची रीत नाही. तो बसला की आम्ही बसतो. शेठ म्हणाले, अक्का, तो कामावर आहे. अक्का म्हणाल्या, असू द्या की, आम्ही उभ्यानं बघतो.

आणि सगळ्या बाया उभ्या राहिल्या. बाक रिकामे आणि दुकान गच्च. मागून आलेलं गिऱ्हाईक दारातूनच परत जायला लागलं. शेठ जातीचे व्यापारी. बसलेलं गिऱ्हाईक तीन लुगडी बघतं आणि एक जास्तीचं घेतं, उभं गिऱ्हाईक पंख्याचा वारा खाऊन निघून जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी थोडा वेळ कळ काढली. कपाळ पुसलं. उभ्या लक्ष्मीकडे एकदा पाहिलं. मग गोदामातून स्टूल आणायला सांगितलं.

भिका बसला. म्हणजे स्टुलाच्या कडेला जेमतेम टेकला, बोहल्यावरच्या नवरदेवासारखा ताठ, डोळे शेठवर. सगळ्या बाया एकदम बाकांवर कोसळल्या आणि त्या दिवशी गल्ला मोजता मोजता शेठनं मुनीमजींना चहा दोनदा पाजला.

तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः चाळीत आले. नानांनी बसवल्यावर त्यांनी तक्रार मांडली, की भिका दुपारी स्टुलावर गाढ झोपला, घोरलासुद्धा.

"झोपला?" नानांचा चेहरा उजळला. "बघा शेठ, किती वर्षांची बाकी होती."

शेठलाही हसू आलं. ते माणूस गोड होते, हे मी म्हटलंच आहे. स्टूल राहिलं, आणि महिन्याभरात बसलेली लक्ष्मी परत भिंतीवर आली.

नानांच्या घरात बाईमाणूस नव्हतं. चाळीचा समज असा की बायको यांच्या बसाबसीला कंटाळून निघून गेली. मीही तेच धरून चाललो होतो. मग एकदा कचेरीच्या कामासाठी मी जळगावला निघालो, तर एसटी स्टँडवर नाना भेटले. काखेत पिशवी, तिच्यात कसलीशी बाटली. जागा मिळाली, शेजारी बसलो. पारोळ्याला एक बाई मूल घेऊन चढल्या. नाना उठले आणि तिथून जळगावपर्यंत दांडी धरून उभे राहिले. मी माझी जागा देऊ केली तर म्हणाले, "तू बस. कारकुनाचं बूड ही सरकारची मालमत्ता."

जळगावला उतरल्यावर ते म्हणाले, तुझं काम झालं की जेवायला ये, आणि पत्ता सांगितला. तो एका विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगचा होता. दुपारी गेलो तर नाना मागच्या स्वयंपाकघरात होते आणि एक बारीकशा बाई भाकरी थापत होत्या. नानांनी ओळख करून दिली: "ही सोनाबाई. आमची मंडळी."

खुर्च्यांच्या विणकामात दोघांचं भागत नव्हतं, म्हणून सोनाबाई इथे स्वयंपाकाला राहिल्या होत्या. जागा एकटीपुरती, भांड्यांच्या खोलीत. बोर्डिंग बारमाही चालू, त्यांना सुट्टी नाही, म्हणून नानांनीच जमेल तेव्हा इकडे यायचं. हे सगळं त्यांनी मला वाढता वाढता, सहज सांगितलं. पूर्वी चुली जमिनीवर होत्या, बसून रांधता यायचं. आता संस्थेनं हौसेनं उंच ओटा बांधलाय, असंही सांगितलं. कौतुकानंच सांगितलं. नाना ताटात बघत जेवत होते.

जेवून मी पान खायला कोपऱ्यावर गेलो. परत आलो तेव्हा दार अर्धवट लोटलेलं होतं. पिठाच्या डब्याला टेकून सोनाबाई जमिनीवर बसल्या होत्या. पदर तोंडापर्यंत ओढलेला. त्यांचे पाय नानांच्या मांडीवर होते आणि नाना बाटलीतलं तेल घेऊन ते चोळत होते, खालून वर, अगदी सावकाश. सोनाबाईंच्या पोटऱ्यांवरही तशाच शिरा होत्या.

"राहू द्या ना," त्या म्हणत होत्या. "पोरं येतीन. लोके काय म्हनतीन?"

नानांनी तळहातावर आणखी तेल घेतलं. मग हळूच विचारलं, "दुखस का?"

"आते नही."

मी तसाच मागे फिरलो आणि नळापाशी जाऊन थांबलो. नाना बाहेर आले ते पिशवी काखेत मारूनच. सोनाबाई फाटकापर्यंत आल्या नाहीत. संध्याकाळच्या कणकेची परात तोवर भरली होती.

परतीच्या बसमध्ये नानांना खिडकी मिळाली. एरंडोलला पुष्कळ माणसं चढली आणि दांडी धरून दाटीवाटीनं उभी राहिली. नाना या वेळी उठले नाहीत, बाहेरच बघत राहिले. तेलाचे हात त्यांनी मांडीवर उताणे ठेवले होते, कुठेही पुसले नव्हते.