तिसरी प्रत रामनगरला

नागेशअण्णांना लग्नाचं आमंत्रण देताना जोयड्यातली माणसं जरा विचार करतात. ते येतात, आहेर देतात आणि आचाऱ्याला गाठून दोन प्रश्न विचारतात: "भात करपला तर दुसरा किती वेळात? आन् किती करपला तर चालंल?"

आमच्या सहकारी सोसायटीचे कॉम्प्युटर सांभाळता सांभाळता त्यांना ही सवय लागली. मशीन बंद पडलं तर किती वेळ थांबता येईल आणि किती काम बुडालेलं सोसेल, हे आधी ठरवायचं. मग तशा प्रती ठेवायच्या. मी मॅनेजर. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "काही बुडू नये आणि लगेच सुरू व्हावं."

"ह्ये ठरवणं न्हाई मॅडम, नवस हाय."

शेवटी ठरलं. थांबायचं अर्धा दिवस, बुडेल ते एका दिवसाचं. ऑफिसच जळालं तर आठवड्याचं. मशीनमधली मूळ सोडून एक प्रत कपाटात, एक गावाबाहेर. दर शनिवारी डिस्क प्लास्टिकात, प्लास्टिक स्टीलच्या डब्यात, डबा रामनगर बसच्या कंडक्टरकडे. तिथे अण्णांची थोरली बहीण, आक्का, ती तांदळाच्या पिंपात ठेवते आणि मागच्या आठवड्याची परत पाठवते.

दोघांचं बोलणं मात्र बंद. आक्काच्या मुलीच्या लग्नात अण्णांनी विचारलं होतं, "मांडव पडला तर?" आणि पंगत बसल्यावर वारा सुटून मांडव पडला.

"मी इचारलं म्हणून पडला व्हय?" अण्णा अजून आम्हालाच विचारतात. "बोलंना तर ऱ्हाऊ दे. पर तिच्याकडनं वस्तू हरवत न्हाई."

डबा रिकामा परत द्यायचा नसतो. म्हणून आक्का डब्याच्या खालच्या कप्प्यात कधी चकली, कधी कणगांचे उकडलेले कंद घालते. "खातंय कोण तिचं!" म्हणत अण्णा ऑफिसभर वाटतात. शेवटचं मात्र कागदात बांधून खिशात.

परवा नेटवरून परस्पर प्रत बाहेर ठेवायची सोय झाली. मी कामांच्या यादीतला शनिवारचा डबा खोडला.

"नेट गेलं तर?"

"येईल की."

"किती वेळात?"

"अण्णा, डब्याशिवाय तुम्ही किती थांबाल ते सांगा आधी," मी चेष्टेनं म्हणाले.

ते माउसची वायर गुंडाळत राहिले. "आक्का शनिवारी बसथांब्यावर येऊन बसतीया म्हणं. कंडक्टर सांगतो. ती किती थांबंल, ह्ये कधी इचारलंच न्हाई."

खोडलेलं मी पुन्हा लिहिलं. पुढे जोडलं: अण्णांनी स्वतः न्यावा.

शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसमध्ये बसले. डबा मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला. चांगला जड दिसत होता. बस सुटली. मी आत आले, तर डिस्क टेबलावरच होती.