नानांचं बोट

आमच्या देवपूरच्या सोसायटीत नानांचं बोट वर गेलं की बोलणारा मध्येच थांबतो. नाना म्हणजे माझ्या शेजारच्या फ्लॅटमधले, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. केळीवाला म्हणाला, "रावेरची आहेत, गोडच असणार!" की बोट वर. "रावेरची म्हणून गोड? कशावरून?" त्या 'कशावरून'पुढे भल्याभल्यांची बोबडी वळते. मी तर त्यांच्यासमोर 'आज फार उकडतंय' म्हणायलाही घाबरते. पण खोटं कशाला बोलू, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही!

गेल्या महिन्यात मीटिंग बसली. विषय एकच : नानांच्या चंपीला, म्हणजे त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीला, बिल्डिंगमधून काढायचं. चंपी स्वतः त्यांच्या पायाशी खुशाल झोपली होती.

चेअरमन पाटील भाऊ उठले. "आज एक कुत्रं, उद्या दहा, परवा बिल्डिंगचा कोंडवाडा!"

बोट वर. "मधल्या पायऱ्या कुठायत भाऊ? थेट घसरलात की!"

खालच्या मजल्यावरच्या भामरे अक्का तडकल्या. "मना भाऊले कुत्रं चावनं व्हतं. बठ्ठा कुत्रा तसाच! शितवरथीन भात समजस."

"समजतो ना अक्का. पण एका कुत्र्यावरून सगळी कुत्री? शीत नि भात एकाच पातेल्यातला पाहिजे."

मला राहवेना. "ज्यांना कुत्री आवडत नाहीत, त्यांना काळीजच नसतं!" अहो, मी नानांच्या बाजूनं बोलत होते! तरी बोट वर. "मुद्दा सोडून माणसावर गेलीस. बस खाली." बसले मुकाट्यानं.

मग अक्का म्हणाल्या, "रोज दुपारले तुम्ही वाचनालयमा गयात का ती भुकस. मना नातू झोपमाथीन उठस."

"हे मात्र बिनतोड आहे," नाना म्हणाले. भर सभेत, स्वतःच्याच कुत्रीविरुद्ध! मी मनातल्या मनात हात जोडले.

भाऊंनी विचारलं, "मग तुम्हीच सांगा नाना, तिला ठेवायचं कशासाठी?"

एरवी शुद्ध बोलणारे नाना एकदम अहिराणीवर आले. "तुमनी काकू गयी तवयपासून... मी दार उघडं का ती उठीसन येस. दुसरं कोनी येत नही." आणि लगेच स्वतःवरच बोट उगारलं. "ही दयेची भीक झाली. कारण नव्हे. हे धरू नका."

भाऊ पंख्याकडे बघत बसले. शेवटी अक्काच बोलल्या.

"एकटी ऱ्हास म्हनीसन भुकस ती. दुपारले तिले मनाकडे सोडी जात जा."

"एकटी राहते म्हणून भुंकते?" नाना सवयीनं म्हणाले. "कशावरून?"

"तुमनावरथीन," अक्का त्यांच्याकडेच बोट करत म्हणाल्या. "एकच पातेलामातला भात शे, नाना."

नानांचं बोट अर्ध्यापर्यंत वर आलं. तिथं थोडं थांबलं. मग हळूच खाली जाऊन चंपीच्या कानामागं खाजवू लागलं.